अंधार किती झाला म्हणजे दिवा लावायचा?

(माध्यमिक शाळांतील विज्ञान व गणित शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तिन्हीसांजेला घरातील आजी अंगणात डोकावते, आभाळाकडे एकदा पाहते आणि देवापाशी दिवा लावते. ती घड्याळ पाहत नाही. मार्गशीर्षात ती सहाच्या सुमारास उठते, आषाढात सव्वासातपर्यंत थांबते आणि त्याच आषाढात एखाद्या दिवशी आभाळ भरून आले तर पाच वाजताच ओसरीवरचा दिवा लावून मोकळी होते. अंधार पुरेसा झाला हे तिला कशावरून कळते, असे कोणी विचारले तर ती हसून एवढेच म्हणेल, "दिसत नाही का तुला?"

हाच प्रश्न सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यापुढे ठेवला आणि त्याच्या हाती एक प्रकाश-संवेदक, एक छोटा संगणक-फलक व एक दिवा दिला, तर त्याला तो प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. यंत्राला 'दिसत नाही का' असे म्हणून चालत नाही. त्याला आकडा सांगावा लागतो. तो आकडा कोठून आणायचा, या एका प्रश्नाभोवती आजच्या विवेचनाची मांडणी केलेली आहे.

विषय आजच का?

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवी या टप्प्यावर संगणकीय आज्ञावली लिहिण्याशी संबंधित उपक्रम सुरू करावेत, असे म्हटले आहे. त्याआधीच, २०१६ मध्ये, नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानातून शाळांमध्ये अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची योजना आखली गेली. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या योजनेत निवडलेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. देशभरात दहा हजार शाळांपर्यंत ती पोहोचली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत शासकीय शाळांमध्ये आणखी ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली.

म्हणजे साधने येत आहेत, पुढेही येतील. प्रश्न आहे तो त्या साधनांसमोर बसलेल्या बारा वर्षांच्या मुलाचे काय होणार याचा. संस्कृतचे शब्द, भूगोलातील नद्या आणि इतिहासातील सनावळ्या पाठ करून घेण्याची जी सवय शाळांना जडली आहे, तीच सवय आज्ञावलीलाही लावता येते. शिक्षकाने फळ्यावर वीस ओळी लिहाव्यात, मुलांनी त्या जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात, दिवा पेटला की टाळ्या वाजवाव्यात आणि संच कपाटात ठेवून कुलूप लावावे. या पद्धतीने तास वेळेत संपतो, प्रदर्शनही साजरे होते. फक्त मूल आज्ञावली लिहायला शिकत नाही. प्रकाश-संवेदकाचा मोठा गुण असा की, शिक्षकाने थोडा धीर धरला तर तो ही नक्कल फार काळ चालू देत नाही. तसे का होते, हे पाहण्याआधी या संवेदकाचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल.

चुकलेल्या मापनातून जन्म

समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलची तपासणी करण्यासाठी विलोबी स्मिथ या इंग्रज अभियंत्याला फार मोठा विद्युत रोध असलेला पदार्थ हवा होता. त्यासाठी त्याने सेलेनियमच्या कांड्या निवडल्या. पण मापने स्थिर येईनात. एकदा एक आकडा, पुन्हा दुसराच. शोध घेता लक्षात आले की, कांडीवर उजेड पडला की तिचा रोध कमी होतो आणि ती झाकली की वाढतो. १८७३ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. ज्या गोष्टीमुळे मापन बिघडत होते, तीच गोष्ट नव्या शोधाचा विषय झाली. प्रकाश-संवेदकाची वंशावळ अशी एका 'चुकीपासून' सुरू होते, हे मुलांना आवर्जून सांगावे.

या वंशावळीत एक थोर भारतीय नाव आहे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी विद्युतचुंबकीय लहरींवर जे प्रयोग केले, त्यांची उपकरणे त्यांनी स्थानिक कारागिराला हाताशी धरून घडवली होती. गॅलिना या शिशाच्या खनिजापासून त्यांनी लहरी टिपणारा एक ग्राहक बनवला. अमेरिकेत ३० सप्टेंबर १९०१ रोजी त्यासाठी अर्ज दाखल झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी ७५५८४० क्रमांकाचे पेटंट मिळाले. स्वतः बसूंना पेटंट घेण्याची ओढ नव्हती. सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांच्या आग्रहामुळे ते घडले. हा ग्राहक अदृश्य लहरींप्रमाणे दृश्य प्रकाशालाही प्रतिसाद देत असे. म्हणूनच बसूंनी त्याच्यासाठी संस्कृतमधील 'तेज' या शब्दावरून 'तेजोमीटर' असे नाव योजले. आठवीच्या वर्गात हे नाव उच्चारले की, संवेदक ही परदेशातून खोक्यात बंद होऊन आलेली वस्तू आहे हा मुलांचा समज आपोआप गळून पडतो.

पुढे १९४८-४९ मध्ये ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञाने 'एल्मर' आणि 'एल्सी' नावाची दोन यांत्रिक कासवे तयार केली. प्रत्येकाला उजेड ओळखणारा एक डोळा, धक्का ओळखणारा एक स्पर्शक आणि मेंदूच्या जागी अवघ्या दोन इलेक्ट्रॉनिक नलिका. एवढ्या सामग्रीवर ती कासवे मंद उजेडाकडे जात आणि प्रखर उजेड जवळ आला की मागे वळत. पाहणाऱ्याला ती जिवंत वाटत. अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली, तेव्हा जमिनीवर रेषा काढत फिरणाऱ्या तिच्या यंत्रालाही 'कासव' हेच नाव मिळाले. जिनिव्हात पियाजे यांच्यासोबत काम केलेल्या पॅपर्ट यांचे म्हणणे असे होते की, संगणकाने मुलाला शिकवण्याऐवजी मुलाने संगणकाला शिकवावे. त्या खटपटीत मूल स्वतःच्या विचारांकडे पाहायला शिकते. १९८० मध्ये आलेल्या त्यांच्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकाचे नाव लेगो कंपनीने १९९८ मध्ये आपल्या यंत्रमानव संचाला दिले आणि त्या पहिल्याच संचात प्रकाश-संवेदक होता.

एका टिकलीएवढा डोळा

शाळेत वापरायचा सर्वांत साधा प्रकाश-संवेदक म्हणजे एलडीआर, अर्थात प्रकाशावलंबी रोधक. कपाळावरच्या टिकलीएवढी चकती, तिच्यावर नागमोडी रेषा आणि खाली दोन तारा. तिच्यावर कॅडमियम सल्फाइडचा थर असतो. अंधारात तिचा रोध लाखो ओहमपर्यंत चढतो, उन्हात काही शे ओहमपर्यंत उतरतो. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात ती काही रुपयांत मिळते. कॅडमियम विषारी असल्याने चकती फोडू वा खरवडू नये, एवढे पथ्य मात्र पहिल्याच दिवशी सांगावे.

संगणक-फलकाला रोध थेट मोजता येत नाही, त्याला विभवांतर मोजता येते. म्हणून एलडीआरच्या जोडीला १० हजार ओहमचा एक साधा रोधक एकसरीत जोडतात आणि दोघांच्या मधल्या बिंदूवरचे विभवांतर मोजतात. इटलीतील इव्हरेया येथे २००५ मध्ये जन्मलेल्या आर्डुइनो फलकांपैकी शाळांत सर्रास दिसणारा 'उनो' हा फलक शून्य ते ५ व्होल्टचे रूपांतर शून्य ते १०२३ या आकड्यांत करतो. एलडीआर वरच्या बाजूला जोडला असेल तर गणित सोपे आहे. त्याचा रोध १० हजार ओहम असताना आकडा ५१२ च्या आसपास येतो. रोध एक हजारावर उतरला की सुमारे ९३०. एक लाखावर चढला की सुमारे ९३. रोध दहा पटींनी बदलला तरी आकडा दहा पटींनी बदलत नाही, हे मुलांनी स्वतः गुणोत्तर मांडून पाहावे. सातवीत शिकवलेले गुणोत्तर येथे पहिल्यांदा कामाला येते.

या टप्प्यावर आज्ञावली दोन-तीन ओळींचीच असावी. संवेदक वाच, आकडा पडद्यावर दाखव, थोडे थांब, पुन्हा वाच. दिवा अजून जोडूच नये. मुले संवेदकावर हात धरतात, आकडा कोसळतो. हात काढतात, आकडा उसळतो. हा खेळ त्यांना पाच-दहा मिनिटे मनसोक्त खेळू द्यावा. बोटांची सावली, सदऱ्याचा पांढरा रंग, मित्राने उघडलेली खिडकी या साऱ्यांचा आकड्यावर परिणाम होतो, हे त्यांना याच दहा मिनिटांत उमगते. घाईने पुढे गेलेला तास नंतर दोन तास खातो.

आकडा फळ्यावर लिहू नये

आता मूळ प्रश्न. अंधार झाला की दिवा लागावा अशी आज्ञावली लिहायची आहे. तिचा गाभा एका ओळीचा आहे: आकडा अमुकपेक्षा कमी झाला तर दिवा लाव. या 'अमुक'ला उंबरठा म्हणता येईल. उंबरठ्याच्या अलीकडे उजेड, पलीकडे अंधार.

शिक्षकाला सर्वांत मोठा मोह होतो तो येथे. त्याने घरी प्रयोग करून पाहिलेला असतो आणि ३०० हा आकडा चांगला चालतो हे त्याला ठाऊक असते. वर्गात चाळीस मुले, तासाला पस्तीस मिनिटे. तो फळ्यावर ३०० लिहितो. त्या क्षणी प्रयोग संपतो आणि श्रुतलेखन सुरू होते.

बरे, तो आकडा सर्वांना चालतोही असे नाही. एकाच पाकिटातील दोन एलडीआर सारखे नसतात. खिडकीलगतच्या बाकावरील गटाचा दिवा लागतच नाही, भिंतीकडच्या कोपऱ्यातील गटाचा भर अकरा वाजता लागतो. मुले म्हणतात, "सर, आमचा बिघडला आहे." वस्तुतः बिघडलेले काहीच नसते. आकडा दुसऱ्याच्या घरचा असतो, एवढेच.

म्हणून उंबरठा प्रत्येक गटाने स्वतः शोधावा. त्याची रीत अशी. वर्गातील पाच जागा ठरवाव्यात: खिडकी, फळ्याजवळची भिंत, बाकाचा पृष्ठभाग, बाकाखालची जागा आणि बंद दप्तर. आधी मुलांनी नुसत्या डोळ्यांनी पाहून या जागांचा उजेड किती वाटतो ते वहीत लिहावे. मग प्रत्येक जागी संवेदकाची दहा वाचने घेऊन त्यांची सरासरी काढावी. अंदाज आणि मापन शेजारी-शेजारी आले की वर्गात चर्चा उसळते. डोळ्याला खिडकी आणि आतला बाक यांत थोडाच फरक वाटला होता, संवेदक मात्र बराच मोठा फरक सांगतो. याचे कारण डोळा स्वतःला जुळवून घेतो. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, वर्गात काही शे लक्स आणि पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सहूनही कमी. तरी या तिन्ही ठिकाणी माणूस वावरू शकतो. आपल्या डोळ्याचे हे सामर्थ्य मुलाला पुस्तकातील परिच्छेदापेक्षा या पाच जागांच्या तक्त्यातून अधिक चांगले समजते.

यानंतर गटाने ठरवावे की आपल्या दिव्याने कोठे 'अंधार' म्हणावा. बाकाखाली वाचता येत नाही, म्हणून बाकाखालचा आकडा आणि बाकावरचा आकडा यांच्या मधोमध उंबरठा ठेवू, असे एक गट म्हणेल. दुसरा म्हणेल, आपला दिवा रस्त्यावरचा आहे, तो वाचण्यासाठी नाही, तेव्हा उंबरठा आणखी खाली हवा. दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात, कारण उंबरठा हा निसर्गाने लिहून दिलेला आकडा नाही. मापनाच्या आधारावर माणसाने घेतलेला तो निर्णय आहे आणि त्याचे कारण सांगण्याची जबाबदारी निर्णय घेणाऱ्यावर येते. बारा वर्षांच्या मुलाला ही जबाबदारी पेलते. किंबहुना, ती दिली की ते मूल वहीत स्वच्छ अक्षरात कारणे लिहू लागते.

पांढऱ्या कागदावरच्या काळ्या पट्टीवरून चालणारी छोटी गाडी हाही याच धड्याचा पुढचा भाग आहे. पांढऱ्यावरून परावर्तित होणारा उजेड जास्त, काळ्यावरून कमी. दोन्हींची वाचने घ्यायची आणि मधला आकडा उंबरठा मानायचा. सकाळी सुरळीत चाललेली गाडी दुपारी ऊन खोलीत आले की पट्टी सोडते. स्पर्धेच्या सभागृहात गेल्यावर तर हमखास सोडते. ज्या गटाने आकडा उसना घेतला, तो गट तेथे रडकुंडीला येतो. ज्याने आकडा शोधण्याची रीत शिकली, तो दोन मिनिटांत नवी वाचने घेऊन गाडी पुन्हा मार्गावर आणतो.

दिवा लुकलुकतो तेव्हा

उंबरठा मिळाला, दिवा जोडला, हाताने संवेदक झाकला. दिवा लागला, पण लगेच विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. वर्गात हशा पिकतो. हा प्रसंग जवळजवळ प्रत्येक वर्गात येतो आणि त्याची वाट पाहावी इतका तो मोलाचा आहे.

काय झाले? दिव्याचा उजेड संवेदकावरच पडला. संवेदकाला वाटले, उजेड झाला. आज्ञावलीने दिवा विझवला. अंधार झाला, म्हणून पुन्हा दिवा लावला. यंत्र सांगितले तसेच वागते आहे; गोंधळ सांगण्यात आहे. शिक्षकाने येथे उत्तर देऊ नये. "दिवा लागल्यावर संवेदकाला काय दिसत असेल?" एवढाच प्रश्न विचारावा आणि बाजूला व्हावे.

मुलांची उत्तरे साधारण दोन वाटांनी येतात. काही जण संवेदकाभोवती काळ्या कागदाची नळी करून तिचे तोंड आभाळाकडे, दिव्यापासून दूर फिरवतात. रस्त्यावरच्या स्वयंचलित दिव्यांतही संवेदक स्वतःच्या दिव्याच्या उजेडापासून असाच आडोशाला ठेवतात. काही जण आज्ञावलीत दोन उंबरठे घालतात: आकडा २५० च्या खाली गेला तर लाव, पण ४०० च्या वर गेल्याशिवाय विझवू नको. मधल्या पट्ट्यात जसे आहे तसे राहू दे. शीतकपाटातील तापमान-नियंत्रक याच तत्त्वावर चालतो. नाहीतर तो दर काही क्षणांनी सुरू-बंद होत राहिला असता. अभियांत्रिकी महाविद्यालयात जड नावाने शिकवले जाणारे हे तत्त्व सातवीचे मूल एका लुकलुकत्या दिव्यापासून शिकते आणि नाव न कळताही वापरते.

याच सुमारास आणखी एक कोडे समोर येते. ट्यूबलाइटखाली घेतलेली वाचने कधीकधी क्षणाक्षणाला थोडी हलतात. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असल्याने जुन्या पद्धतीची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते जाणवत नाही. एलडीआर मुळात मंदगती असल्याने त्यालाही थोडेच जाणवते. चपळ अशा प्रकाश-ट्रान्झिस्टरला मात्र स्पष्ट जाणवते. उपाय तोच, अनेक वाचनांची सरासरी. गणिताच्या पुस्तकात 'सरासरी काढा' असे सांगितलेले असते. ती का काढायची, हे येथे हाताला लागते.

जर-तरची भाषा

मराठी माध्यमाच्या शाळांत एक शंका नेहमी निघते. आज्ञावलीचे शब्द इंग्रजी, मुलांचे इंग्रजी कच्चे, तेव्हा हे कसे जमावे?

मराठीचे व्याकरण या कामी विलक्षण सोयीचे आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. अट सांगायची तर 'जर-तर'. घटनेवर काम सोपवायचे तर 'जेव्हा-तेव्हा'. काम चालू ठेवायचे तर 'जोपर्यंत-तोपर्यंत'. प्रमाण सांगायचे तर 'जितका-तितका'. ही जोडगोळी शब्दांची रचना प्रत्येक मराठी मुलाच्या जिभेवर आहे आणि आज्ञावलीच्या चार प्रमुख रचना तिच्यातच बसतात. "जर आकडा तीनशेपेक्षा कमी असेल, तर दिवा लाव, नाहीतर विझव." "जोपर्यंत बटण दाबलेले आहे, तोपर्यंत वाचने घेत राहा." "जितका अंधार जास्त, तितका दिवा प्रखर." शेवटचे वाक्य लिहिणाऱ्या मुलाने उंबरठ्याच्या पलीकडचा, टप्प्याटप्प्याने उजळणाऱ्या दिव्याचा विचार केलेला असतो.

म्हणून आज्ञावली आधी वहीत, मराठीत लिहावी. एका मुलाने ती मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने यंत्र होऊन शब्दशः पाळावी. 'नाहीतर विझव' हे लिहायचे राहिले असेल तर यंत्र झालेला मुलगा दिवा लावूनच ठेवतो आणि चूक साऱ्या वर्गाला दिसते. विचार पक्का झाल्यावर ठोकळे जोडून किंवा इंग्रजी शब्द टंकित करून तो फलकाला सांगणे हे भाषांतराचे काम उरते आणि ते चार-सहा शब्दांचे असते. त्या शब्दांची भीती विचार कच्चा असेल तेव्हाच वाटते.

साधन थोडे, हात अनेक

खर्चाची अडचण खरी आहे, पण ती समजली जाते तेवढी मोठी नाही. ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलांना वाटण्यासाठी दहा लाखांच्या आसपास 'मायक्रोबिट' फलक तयार झाले. तळहाताहून लहान असलेल्या या फलकावर पंचवीस इवले दिवे असतात आणि त्याला वेगळा प्रकाश-संवेदक लागत नाही. दिवेच उलट दिशेने विद्युतभारित करायचे आणि तो भार किती वेळात ओसरतो हे मोजायचे. उजेड जास्त असेल तर तो लवकर ओसरतो. त्यावरून शून्य ते २५५ यांमधील आकडा मिळतो. उजेड देणारी वस्तू उजेड ओळखणारीही होऊ शकते, ही गोष्ट मुलांना जादूसारखी वाटते आणि ती जादू नाही हे समजल्यावर अधिकच आवडते.

महाराष्ट्राला तर या मार्गाचा स्वतःचा वारसा आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी उद्योगक्षेत्रातील संशोधनाचे काम सोडून १९८३ मध्ये विज्ञान आश्रम उभा केला. हाताने काम करता करता बुद्धी घडते, या विचारावर त्यांनी ग्रामीण मुलांचे शिक्षण उभारले. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने पाबळला 'फॅब लॅब' सुरू झाली. जगात अशा प्रयोगशाळांची संख्या पुढे बरीच वाढली. त्या संस्थेबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक पाबळसारख्या खेड्यात होती, ही गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये. गावातील प्रश्न हाच तेथे अभ्यासक्रम होता. प्रकाश-संवेदकालाही गावात काम कमी नाही: खुराड्यातील कोंबड्यांसाठी संध्याकाळी लागणारा दिवा, सार्वजनिक नळाजवळचा दिवा, दिवसाही जळत राहणारे आणि कोणीच न विझवणारे शाळेच्या व्हरांड्यातील दिवे.

संच थोडे आणि मुले जास्त असली की एक मूल टंकन करते व तिघे पाहत राहतात. बहुधा ते एक मूल सर्वांत धीट असते आणि मुली मागे सरकतात. यावर उपाय शिस्तीचा आहे. गटात चार कामे ठरवावीत: जोडणी, आज्ञावली, वाचन आणि नोंद. दर तासाला कामे फिरवावीत. नोंदवही हीच परीक्षा मानावी. दिवा लागला की नाही याला थोडे गुण असावेत. कोणते वाचन अनपेक्षित आले, त्याचे कारण काय वाटले आणि ते कसे तपासले, याला अधिक गुण असावेत. असे झाले तर बाजारातून तयार प्रकल्प आणून प्रदर्शनात मांडण्याचा मोह आपोआप ओसरेल, कारण विकत आणलेल्या प्रकल्पाबरोबर चुकांची वही मिळत नाही.

शिक्षकाला स्वतःला सारे आले पाहिजे, हीही भीती नको. मुलाने विचारलेल्या प्रश्नावर "चल, मोजून पाहू" म्हणण्याची तयारी असली की पुरे. विलोबी स्मिथच्या कांड्यांनी विचित्र आकडे दाखवले, तेव्हा त्याच्याजवळही यापेक्षा वेगळे उत्तर नव्हते.

शेवटचा गृहपाठ

या अभ्यासक्रमाचा शेवट एका गृहपाठाने करता येईल. विद्यार्थ्याने फलक आणि संवेदक पंधरा दिवसांसाठी घरी न्यावा. रोज संध्याकाळी आजी, आई किंवा घरातील जे कोणी दिवा लावते, त्यांनी दिवा लावण्याच्या आधीच्या क्षणी अंगणातील आकडा लिहावा. शेजारी वेळ, दिनदर्शिकेतील सूर्यास्ताची वेळ आणि आभाळ कसे होते ते लिहावे. घरच्यांना आकडा दाखवू नये. त्यांनी नेहमीसारखेच वागावे.

पंधरा आकडे जमले की पाहावे. ते एकमेकांच्या जवळ असतील, तर आजीच्या नजरेत एक उंबरठा आहे आणि तो आज विद्यार्थ्याच्या वहीत उतरला आहे. आकडे विखुरलेले असतील, तर शोध आणखी पुढे जातो. त्या दिवशी कोणी वाचत बसले होते का? पाऊस होता का? घरी पाहुणे येणार होते का? आजी आकड्यापलीकडचेही काही पाहत होती का? मग विद्यार्थ्याने तिच्याजवळ बसावे आणि तिला विचारावे.

ज्या मुलाने यंत्राला दिवा लावायला शिकवता शिकवता आपल्या आजीला हा प्रश्न विचारला, त्याला आज्ञावली लिहिता येते असे खुशाल समजावे. शाळांनी आपल्या कपाटांची कुलपे त्या मुलासाठी उघडी ठेवावीत, एवढीच या व्याख्यानाच्या शेवटी विनंती.